लॅपटॉपची रॅम वाढवताना जुळणारे मॉड्यूल कसे निवडावे

लॅपटॉपसाठी रॅम घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या कंपनीची घेऊ’ असा असतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. कोणते मॉड्यूल, म्हणजे रॅमची पट्टी, चालेल हे लॅपटॉपचा मदरबोर्ड आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ठरवतात, आणि त्यांनी घातलेल्या अटी समजून घेतल्या की कंपनीची निवड अगदी किरकोळ उरते. या अटी कुठे पाहायच्या, कोणत्या क्रमाने पाहायच्या आणि कुठे फसायला होते, ते पायरीपायरीने सांगतो. स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ बरीच उशिरा येते. त्याआधीचे जवळजवळ सगळे काम वाचनाचे आहे.

आधी गरज तपासावी

रोजची कामे नेहमीप्रमाणे सुरू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ विभागातील मेमरीचा आलेख पाहावा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना लॅपटॉप अडखळत असेल, तर रॅम वाढवण्याने फरक पडेल. वापर निम्म्यावरच असेल, तर संथपणाचे कारण दुसरीकडे शोधावे. अजूनही फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ते कारण बहुधा डिस्कच असते. विंडोज ३२-बिट असेल, तर तिच्या नेहमीच्या आवृत्त्या ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाहीत, त्यामुळे तिथे आधी ६४-बिट विंडोज बसवावी लागेल.

पहिली पायरी: रॅम बदलता येते का

हा प्रश्न विचारायला अनेकजण विसरतात आणि मॉड्यूल घरी आल्यावर झाकण उघडून पाहतात, तर आत स्लॉटच नसतो. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीच्या चिपा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात आणि घरी त्या बदलता येत नाहीत. काही ठिकाणी तर मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते. ॲपलच्या एम मालिकेतील प्रोसेसर असलेले लॅपटॉप आणि इंटेलचे कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतील प्रोसेसर ही त्याची उदाहरणे आहेत. तपशीलपत्रात मेमरीच्या प्रकारापुढे ‘एलपीडीडीआर’ असे लिहिलेले दिसले, तर ती रॅम सोल्डर केलेली आहे असे जवळजवळ खात्रीने धरून चालावे.

टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरी विभागात खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी एक ओळ असते. तिथे ‘एसओडिम’ दिसले तर काढता-घालता येणारे मॉड्यूल आहे, आणि ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर चिपा बोर्डवर चिकटलेल्या आहेत. तिच्या शेजारी ‘स्लॉट्स यूज्ड’ असा आकडाही असतो, मात्र मी त्या एकट्यावर विसंबत नाही. सोल्डर केलेली मेमरीही काही लॅपटॉप स्लॉट म्हणून मोजून दाखवतात आणि मग ‘२ पैकी २’ असे वाचून माणूस उगाच दोन मॉड्यूल शोधत बसतो. तिसरा, मधला प्रकारही बराच आढळतो: काही मेमरी बोर्डवर सोल्डर केलेली आणि जोडीला एक मोकळा किंवा भरलेला स्लॉट. अशा लॅपटॉपमध्ये वाढ होते ती त्या एका स्लॉटापुरतीच.

खात्रीचा मार्ग एकच आहे. लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवरून नेमका मॉडेल क्रमांक, शेपटीच्या अक्षरांसकट, उतरवून घ्यावा आणि त्या क्रमांकाची देखभाल-पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळवावी. झाकणावर छापलेले मालिकेचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षांत वेगळे मदरबोर्ड असलेले लॅपटॉप विकले जातात. देखभाल-पुस्तिकेत स्लॉट किती, ते कुठे, कोणत्या प्रकारचे मॉड्यूल आणि एका स्लॉटमध्ये कमाल किती, हे सगळे चित्रांसह दिलेले असते. ग्राहकांसाठीच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा ही पुस्तिका कितीतरी प्रामाणिक असते.

दुसरी पायरी: पिढी ओळखावी

मेमरीच्या प्रत्येक पिढीचे मानक जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर३ चे मानक २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये आले. एका पिढीचे मॉड्यूल दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. यात कसलीही तडजोड नाही. लॅपटॉपच्या मॉड्यूलवर डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात, आणि पिनांच्या रांगेतली खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते, म्हणजे चुकीचे मॉड्यूल सहसा बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, एवढे इथे लक्षात ठेवावे.

पिढी ठरवताना केवळ प्रोसेसरचे नाव पाहून निष्कर्ष काढू नये. इंटेलच्या सहाव्या पिढीतील अनेक प्रोसेसर डीडीआर३एल (डीडीआर३ चा कमी व्होल्टचा प्रकार) आणि डीडीआर४ दोन्ही चालवू शकत, आणि बाराव्या पिढीतील अनेक प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवू शकतात. प्रत्यक्षात कोणती मेमरी लागणार हे लॅपटॉप बनवणाऱ्याने बोर्डवर कोणता स्लॉट लावला यावर ठरते. तेव्हा ‘अमुक प्रोसेसर आहे, म्हणजे डीडीआर५ असणार’ हा तर्क धोक्याचा आहे. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्यातील मेमरीचा विभाग पाहिला की पिढी नेमकी कळते. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा मेमरीच्या पर्यायासह दिली की प्रत्येक स्लॉटचा प्रकार, आकार आणि वेग ओळीने मिळतो.

डीडीआर३ च्या बाबतीत मात्र खाच वाचवत नाही, आणि इथे मी स्वतः फसलो आहे. डीडीआर३ चे मॉड्यूल १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल चे १.३५ व्होल्टवर, दोन्हींच्या पिना तेवढ्याच, खाचही त्याच जागी. एका जुन्या लॅपटॉपसाठी मी ‘डीडीआर३, १६००’ एवढेच पाहून मॉड्यूल मागवले. ते स्लॉटमध्ये छान बसले, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या, आणि लॅपटॉपचे बटण दाबल्यावर दिवा लागून पडदा काळाच राहिला. तो लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्ट पुरवणारा होता. पार्सल परत बांधताना लेबल नीट पाहिले, तेव्हा ‘पीसी३’ नंतर असायला हवा होता तो ‘एल’ नव्हता. उलट दिशेने अशी अडचण येत नाही: डीडीआर३एल मॉड्यूल १.५ व्होल्टवरही चालावे असेच बनवलेले असते. त्यामुळे डीडीआर३ च्या काळातील लॅपटॉपसाठी शंका असेल तेव्हा ‘एल’ असलेलेच घ्यावे. डीडीआर४ च्या १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ च्या १.१ व्होल्ट या नेहमीच्या मॉड्यूलांत असा घोळ सहसा होत नाही.

तिसरी पायरी: आकार

लॅपटॉपला लागते ते एसओडिम, आणि डेस्कटॉपला लागते ते लांब मॉड्यूल. एसओडिमची लांबी ७ सेंटिमीटरच्या आसपास असते, डेस्कटॉपचे मॉड्यूल जवळजवळ त्याच्या दुप्पट, १३ सेंटिमीटरहून थोडे अधिक लांब असते. विक्रीच्या पानावरची चित्रे पाहून हा फरक नेहमी कळत नाही, म्हणून ‘लॅपटॉप मेमरी’ किंवा ‘एसओडिम’ हे शब्द वर्णनात शोधावेत. अगदी नव्या काही लॅपटॉपमध्ये कॅम२ नावाचे चपटे, बोर्डावर स्क्रूने दाबून बसवले जाणारे मॉड्यूल येते. त्याचे मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ते एसओडिमच्या जागी बसत नाही आणि एसओडिम त्याच्या जागी बसत नाही.

सर्व्हरसाठी बनवलेली ईसीसी प्रकारची, म्हणजे मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी, एसओडिमही बाजारात असतात आणि जुनी असतील तर स्वस्त मिळतात. काही व्यावसायिक वर्कस्टेशन सोडली तर नेहमीच्या लॅपटॉपसाठी ती घेऊ नयेत.

चौथी पायरी: जास्तीत जास्त किती

इथे दोन मर्यादा वेगवेगळ्या असतात: संपूर्ण लॅपटॉपची आणि एका स्लॉटची. दोन स्लॉटच्या लॅपटॉपची कमाल मर्यादा ३२ जीबी असेल, तर त्याचा अर्थ प्रत्येकी १६ जीबी असा होतो; एकाच स्लॉटमध्ये ३२ जीबीचे मॉड्यूल चालेलच असे नाही.

उत्पादकाने छापलेली मर्यादा कधी कधी खऱ्या मर्यादेपेक्षा कमी असते, कारण लॅपटॉप बाजारात आला तेव्हा मोठी मॉड्यूल उपलब्धच नसतात आणि नंतर कोणी तपशीलपत्र सुधारत नाही. अशा वेळी प्रोसेसरच्या अधिकृत तपशिलात दिलेली कमाल मेमरी पाहावी आणि नेमका तोच मॉडेल क्रमांक असलेल्यांचा अनुभव शोधावा. याउलट काही मर्यादा मात्र खरोखर पक्क्या असतात. उदाहरणार्थ, इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर डीडीआर३ च्या ८ गिगाबिट घनतेच्या चिपा वापरू शकत नाहीत. त्यामुळे तिथे एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या पुढे जाता येत नाही, मग १६ जीबीचे डीडीआर३एल मॉड्यूल कितीही मोहक वाटो. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबी असे नवे आकार आले आहेत. आधी विकल्या गेलेल्या काही लॅपटॉपना ते ओळखण्यासाठी बायॉसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती लागते. बायॉस अद्ययावत करायचे असेल आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद ठेवणारे संरक्षण) सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी, कारण नंतर लॅपटॉप ती मागू शकतो.

पाचवी पायरी: वेग

वेगाबद्दल गरजेपेक्षा जास्त काळजी केली जाते. लॅपटॉप २६६६ वर चालणारा असेल आणि मॉड्यूल ३२०० चे असेल, तर ते साधारणपणे २६६६ वरच चालते. आणि दोन वेगळ्या वेगांची मॉड्यूल एकत्र लावली, तर दोन्ही हळू असलेल्याच्या वेगाने चालतात. त्यामुळे लॅपटॉपला लागतो तो किंवा त्याहून थोडा जास्त वेग घेतला की झाले. कमी वेगाचे घेतले, तर जुने चांगले मॉड्यूलही त्याच्याबरोबर मंद होते.

गोंधळ होतो तो लिहिण्याच्या दोन पद्धतींमुळे. ‘डीडीआर४-३२००’ आणि ‘पीसी४-२५६००’ ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती हलते ते सांगतो. दर वेळी ८ बाइट हलतात, म्हणून ३२०० ला ८ ने गुणले की २५६०० मेगाबाइट मिळतात. याच हिशेबाने डीडीआर३-१६०० म्हणजे पीसी३-१२८०० आणि डीडीआर५-४८०० म्हणजे पीसी५-३८४००.

त्यानंतर ‘सीएल’ हा आकडा येतो. मागितलेली माहिती मिळायला किती ठोके थांबावे लागते, ते तो सांगतो. २६६६ च्या मॉड्यूलवर सीएल १९ आणि ३२०० च्या मॉड्यूलवर सीएल २२ पाहून दुसरे मंद आहे असे वाटते. प्रत्यक्ष वेळ काढली तर पहिल्यात सुमारे १४.२५ आणि दुसऱ्यात १३.७५ नॅनोसेकंद येतात, कारण सीएल ही घड्याळाच्या ठोक्यांची संख्या आहे आणि वेगवान मॉड्यूलचे ठोके छोटे असतात.

गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलांबाबत मात्र सावध राहावे. त्यांच्यावर छापलेला वेग कधी कधी एक्सएमपी या, मॉड्यूलमध्येच साठवलेल्या जास्त वेगाच्या वेगळ्या नोंदीतून मिळणारा असतो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ती नोंद सुरू करण्याची सोयच नसते. मग मॉड्यूल जेडेकच्या खालच्या वेगावर चालते आणि जास्त मोजलेले पैसे वाया जातात. जेडेकच्या नेहमीच्या आकड्यांचे साधे मॉड्यूल लॅपटॉपसाठी जास्त भरवशाचे असते.

सहावी पायरी: जुन्या मॉड्यूलचे लेबल वाचावे

लॅपटॉप आधीच उघडलेला असेल, किंवा उघडण्याची तयारी असेल, तर सगळ्यात चांगला मार्गदर्शक आतच बसलेला असतो. लेबलवर साधारण अशी ओळ सापडते: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-एसए१-११’. पहिला भाग क्षमता सांगतो. ‘१आरएक्स८’ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणारा चिपांचा गट) आणि प्रत्येक चिप ८ बिटांची. ‘पीसी४’ ही पिढी, ‘२६६६’ हा वेग, आणि त्याला चिकटलेले ‘व्ही’ हे अक्षर त्या वेगाच्या मानक वेळापत्रकाचे, म्हणजे इथे सीएल १९ चे, चिन्ह आहे. ३२०० च्या मॉड्यूलवर तिथे बहुधा ‘एए’ दिसते. पुढच्या गटातील पहिले अक्षर मोलाचे आहे: ‘एस’ असेल तर एसओडिम, ‘यू’ असेल तर डेस्कटॉपचे. डीडीआर३ च्या लेबलवर हेच ‘पीसी३एल-१२८००एस’ असे येते. तिथे मधला ‘एल’ आणि शेवटचा ‘एस’ दोन्ही तपासावेत. या ओळीचा फोनवर स्पष्ट फोटो काढून ठेवावा. स्मरणशक्तीवर विसंबून केलेली खरेदी बहुधा एखाद्या अक्षरावर चुकते.

‘एक्स८’ ऐवजी ‘एक्स१६’ असलेली मॉड्यूलही मिळतात. त्यांच्यात चिपा निम्म्या असतात, ती सहसा चालतात, पण कामगिरीत थोडी मागे पडतात. दोन्ही मिळत असतील तर मी ‘एक्स८’ घेतो.

सातवी पायरी: एक घ्यावे की जोडी

दोन स्लॉट असतील तर दोन्ही भरलेले असावेत, कारण मग प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मेमरी वाचतो. याचा सर्वांत ठळक फायदा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला होतो, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच मेमरीवर जगते. एकूण १६ जीबी हवी असेल तर एका १६ पेक्षा ८ अधिक ८ चांगले. पुढे ३२ करायचा बेत पक्का असेल, तरच आज एक १६ घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

जुने ८ जीबीचे आणि नवे १६ जीबीचे एकत्र चालते का, हा नेहमीचा प्रश्न आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये चालते: दोन्हींतले ८-८ जीबी जोडीने काम करतात आणि उरलेले ८ जीबी एकाच मार्गाने. वेगळ्या कंपन्यांची मॉड्यूलही बहुधा जमतात, पिढी, व्होल्टेज आणि वेग जुळत असला म्हणजे झाले. तरीही दोन नवीच घ्यायची असतील, तर एकाच पाकिटातली जोडी घ्यावी. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक टाकून जुळणारी मॉड्यूल शोधण्याची सोय असते. वर काढलेला निष्कर्ष तिथे एकदा पडताळावा आणि परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच खरेदी करावी.

आठवी पायरी: बसवणे

लॅपटॉप पूर्ण बंद करावा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ निवडले की तो खऱ्या अर्थाने बंद होतो. नुसता झाकण मिटून झोपवलेला किंवा हायबरनेट केलेला लॅपटॉप उघडू नये. चार्जर काढावा, तळाचे स्क्रू ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा वेगवेगळी असते. झाकण जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडेकडेने सोडवावे. आत पोहोचल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सुटा करण्याचे, आणि मॉड्यूलला हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवण्याचे.

दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की जुने मॉड्यूल आपोआप तिरके वर उठते. नवे मॉड्यूल कडांना धरून, खाच जुळवून, साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवावे. सोनेरी पिनांची रांग जवळजवळ दिसेनाशी झाली, म्हणजे ते पुरेसे आत गेले. नवखे माणूस इथेच चुकते: अर्धवट आत गेलेले मॉड्यूल खाली दाबले तरी क्लिपा लागल्यासारख्या वाटतात. नीट सरकवून मग खाली दाबावे; दोन्ही क्लिपांचा आवाज यायला हवा.

नववी पायरी: तपासणी

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नये. नवी मेमरी ओळखून तिच्या वेळा जुळवायला, विशेषतः डीडीआर५ च्या बाबतीत, काही मिनिटेही लागू शकतात. मेमरीचा आकार बदलल्याचा संदेश काही लॅपटॉप देतात, तोही नेहमीचाच. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा आणि वेग पाहावा. ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून थोडी मेमरी बाजूला दिसली, तर ती बहुधा अंतर्गत ग्राफिक्सने घेतलेली असते.

लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर मॉड्यूल काढून पुन्हा बसवावे. दहातल्या बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम होते. तरी नाही जमले, तर एकच मॉड्यूल आळीपाळीने दोन्ही स्लॉटमध्ये लावून दोष कोणाचा ते ठरवावे. सुरू झाला तरी मेमटेस्ट८६ सारखा प्रोग्रॅम यूएसबीवरून चालवून एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवणे सोयीचे. एकही चूक दिसली तर मॉड्यूल परत करावे. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून दिले, तर पुढे कधीतरी न उघडणाऱ्या फाइलच्या रूपाने ती समोर येते.

जुने मॉड्यूल लगेच विकू नये. ते नव्याच्या पाकिटात घालून ठेवावे, कारण लॅपटॉप दुरुस्तीला द्यायची वेळ आली, तर मूळचे मॉड्यूल बसवून पाठवणे सर्वांत कमी त्रासाचे असते.